तासातले छत्तीस सेकंद

पुरवठादाराची मेल दोन ओळींची:
बाकी सगळं तेच,
फक्त रंग बदललाय. नारिंगीऐवजी काळा.

मी तुओवी केरानेन, ओउलू शहर, दुसरा मजला,
खिडकीखाली नांगरून ठेवलेल्या बर्फाचे ढीग.
माझं काम एवढंच की
वस्तू बदलली तरी
तिच्या नावाने आपण दिलेला शब्द
अजून खरा आहे का, ते बघायचं.

वस्तू म्हणजे रेनडियरच्या गळ्यातला पट्टा.
तो सांगत राहतो, मी इथे आहे. मी आता इथे आहे.
त्याला बोलायला कायद्याने मिळतात
तासातले छत्तीस सेकंद.
कमी वाटतात?
त्याच लहरींवर कुणाच्या दाराची घंटा आहे,
कुणाच्या तळघरातला पाण्याचा मीटर,
एका म्हातारीच्या मनगटावरचं मदतीचं बटण.
आमच्या इमारतीच्या सौनाचं असतं तसं:
गुरुवारी सात ते आठ आमची पाळी.
आठ वाजले की ओल्या केसांनी बाहेर,
पुढचे लोक दाराशी टॉवेल घेऊन उभे.

फक्त रंग.
पण काळा रंग म्हणजे प्लास्टिकात कालवलेली काजळी,
आणि काजळीला अँटेना चिखलातल्या पायासारखी जड होते.

चेंबरमध्ये निळ्या फोमचे सुळके,
आपलाच आवाज आपल्याला परत न देणारी खोली.
मधोमध फिरता पाट, त्यावर मिठाच्या पाण्याचा कॅन,
तीच आमची रेनडियरची मान.
सेप्पोने मार्करने तिला डोळे काढलेत, एक जरा तिरळा.
कॅन सावकाश फिरला.
दुप्पट वारंवारतेवर एक सुळका उठला,
रेषेच्या वर, दीड डेसिबल.

यार्क्को खाली खोकी मोजत होता, सहाशे,
प्रत्येकावर खूण आधीच छापलेली.
दीड म्हणजे किती? त्याने विचारलं.
दीड म्हणजे नाही, मी म्हटलं.
त्या दिवशी तो जेवायला दुसऱ्या टेबलावर बसला.

मग इनारीहून योव्नाचा फोन.
गेल्या मे महिन्यात अस्वलांनी अकरा पिल्लं नेली,
त्यांचे कान कापून खूणही करायची होती अजून.
म्हणाला, तुओवी, एक आकडा बदल.
दर मिनिटाला कळू दे मला.
इथे वर डोंगरात कोण येतंय मोजायला?

कोणी नाही. हे मलाही माहीत होतं.
आकडा समोरच होता, कर्सर त्यावर लुकलुकत.
एका निरोपाला दीड सेकंद,
साठ निरोप,
नव्वद.
मी मशीन बंद न करताच घरी गेले.
रात्री अकरा पिल्लं मोजत राहिले, पुन्हा पुन्हा, झोप येईना.

सकाळी निरोप सोलायला घेतला.
बॅटरी किती उरली, ते काढलं.
तापमान काढलं; थंडी योव्नाला नाकाने कळते.
कंपनीचं नाव काढलं, यार्क्कोला न विचारता.
उरलं फक्त: कोण, कुठे.
अर्धा सेकंद.
तासाला तीस. सहा सेकंद हातचे राखले.

म्हणजे पुन्हा चेंबर. नवा आवृत्ती क्रमांक,
जुनं नारिंगी कवच, तोच तिरळा डोळा,
नवं कागदपत्र, खाली माझी सही.
ही फाइल दहा वर्षं जपायची,
पट्टा तुटला तरी, जनावर मेलं तरी,
मी इथे नसले तरी.

मे उजाडला. योव्नाने कळवलं, यंदा चार गेली.
चार.
त्यावर काय लिहावं सुचेना, मी नुसतं ‘मिळालं’ लिहिलं.

आत्ताही कुठेतरी वितळत्या दलदलीत
एक मादी अर्धा सेकंद बोलते
आणि गप्प होते.
त्या गप्प वेळात कोणीतरी बोट टेकवतं मनगटावर,
आणि ते ऐकू जातं.

मेल आलीय.
स्क्रू तोच आहे म्हणतात, फक्त मुलामा बदललाय.