चाळीस शब्द

प्रोव्होला मला उतरवून आईनं गाडीची काच खाली केली,
पण बोलली काहीच नाही.
इथला निरोप फुटपाथवरच उरकायचा, दोन मिनिटांत.
मागची गाडी हॉर्न न वाजवता थांबली होती,
तिच्यातही एक आई.

आत एका बाईंनी कोटाच्या खिशावर काळी पाटी अडकवली.
मिसरूड धड फुटलेलं नाही, आणि छातीवर
एल्डर क्रँडल.
ब्रायन्ट हे नाव मी बॅगेत ठेवून दिलं,
लोकरी मोज्यांच्या खाली.

जोडीदार मिळाला तोंगाच्या बेटावरचा, एल्डर वाइनुकू.
एकमेकांच्या नजरेत राहायचं, हाकेच्या टप्प्यात राहायचं.
एकांत फक्त न्हाणीघरात, तोही कुणी दार वाजवेपर्यंत.
आयुष्यातला पहिला बर्फ दिसला तेव्हा
तो बूट काढून त्यात उभा राहिला,
म्हणाला, "अरे, हे भाजतं."
रात्री तो घोरतो.
ज्या रात्री घोरत नाही, त्या रात्री मला कळतं.
मी विचारत नाही काही.
वरच्या पलंगावरून हात खाली सोडून ठेवतो, इतकंच.

साडेसहाला गजर, साडेसातला लापशी आणि संत्र्याचा रस,
मग फिनिश.
नामाला पंधरा विभक्ती:
घरात, घरातून, घराकडे, घरावर.
'घराविना' म्हणायलासुद्धा एक वेगळी विभक्ती आहे,
ती मला लगेच पाठ झाली.
भविष्यकाळ मात्र या भाषेत नाहीच.
सिस्टर ऑस्लर म्हणाल्या,
"उद्या येईन असं म्हणता येत नाही.
उद्या येतो म्हणा, आणि या."

आमच्या ब्लॅकफूटच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी सहा वर्षांचा असल्यापासून साक्ष देत आलो.
आई कानात सांगायची, मी मायक्रोफोनमध्ये:
मला ठाऊक आहे, हे खरं आहे.
मला ठाऊक आहे.
मोठा झालो, आई बाकावर राहिली,
तरी कानाशी ते ऊबदार कुजबुजणं तसंच.

पाचव्या आठवड्यात सिस्टर ऑस्लरनी डोक्याला रुमाल बांधला
आणि त्या झाल्या पिर्को, ताम्पेरेच्या विधवा.
खोलीत जुना सोफा, दिवा, प्लास्टिकचं नेचं.
आम्ही देवाबद्दल सांगत होतो, म्हणजे
वाइनुकू सांगत होता, मी प्रत्यय शोधत होतो.
पिर्कोबाईंनी अचानक माझ्याकडे पाहिलं:
"तुला ठाऊक आहे?"

इंग्रजीत माझ्याकडे या प्रश्नाची दहा उत्तरं होती,
सगळी घासूनपुसून लखलखीत.
फिनिशमध्ये माझे सगळे मिळून शब्द चाळीस.
चाळीस शब्दांत खोटं बसत नाही,
जागाच नसते त्याला.
मी म्हणालो, "नाही. ठाऊक नाही."
मग बराच वेळ काही नाही. दिव्याची गुणगुण.
वाइनुकूचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला.
मग कुठूनसा एकेचाळिसावा आला,
मी कधी पाठही केला नव्हता तो:
"तोइवोन." आशा आहे.

पिर्कोबाईंनी रुमाल सोडला नाही.
नाटकातल्या थर्मासमधून
नाटकातला चहा ओतला माझ्या कपात,
आणि मी तो प्यायलो.
रिकाम्या कपाला गरम वास होता,
शपथ घ्यायला सांगितलीत तर घेणार नाही.

सोमवारी कपडे धुण्याची सुट्टी. आईला लिहिलं,
जेवण छान आहे, पँट घट्ट होतेय.
ते सांगितलं नाही.
बाबा काउंटीचा बर्फ-नांगर चालवतात,
त्यांचं उत्तर कधीच दोन ओळींच्या वर नसतं:
"रात्रभर रस्ता साफ केला. पहाटे पुन्हा पडला.
जातो."

वाइनुकूनं माझ्या खांद्यावरून ते वाचलं,
ओले मोजे हातात धरून मोठ्यानं हसला.
"तुझे बाबा," म्हणाला, "फिनिश बोलतात."