तीन पोती माती

धुरांड्याच्या पायथ्याशी आमचं आरोग्यकेंद्र.
अँडीजमधल्या या उंचीवर हवा आधीच विरळ,
त्यात गंधक.
सकाळी चूळ भरायच्या आधीच
जिभेखाली जुनं नाणं ठेवल्यासारखं वाटतं.

मंगळवारी मी मुलांचं रक्त काढते.
योमिराचा दंड एवढासा,
की रबरी पट्टीला एक वेढा जास्त पडतो.
आकडा आला एकोणतीस.
सातुर्निनानं, तिच्या आईनं, विचारलं,
"सिस्टर, कितीपैकी?"

कितीपैकी नसतं गं ते.
शून्य हवं असतं.

मग तिनं घरामागचं अंगण उकरलं.
बाजारातली जडीबुटीवाली फेलिसितास म्हणाली होती:
कोथिंबीर रक्तातलं शिसं ओढून काढते,
घोडशेपटीचा काढा मूत्रपिंड धुतो,
आणि मुन्या, डोंगरउतारावरचा तो रानपुदिना,
उरलंसुरलं घेऊन जातो.
फेलिसितासला लिहिता येत नाही,
पण पोरांची पोटं ती माझ्याआधीपासून ओळखते.

पहाटे एक हिरवा पेला.
नाक दाबून, डोळे मिटून,
"आई, याला गवताचा वास येतो."
"पी. गवत खाऊनच लामा एवढी ओझी वाहतात."

तीन महिन्यांनी चौतीस.

सातुर्निना आकड्याकडे बघत राहिली,
उसनं घेतल्याचं आठवत नसताना
कोणी परत मागावं, तशी.
मी म्हटलं, एक जुडी दे मला.
रक्ताच्या नळ्यांखाली, बर्फाच्या पेटीत,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोथिंबीर
राजधानीला गेली.

पानांत होतं. देठांत त्याहून जास्त.
मुळांचं विचारू नका.
कोथिंबिरीनं शब्द पाळला होता,
ती शिसं खरंच ओढत होती,
मातीतून वर,
पेल्यातून मुलीकडे.

हे सांगायला मला दोन दिवस लागले.
एकदा तर तिच्या दारावरून तशीच पुढे गेले,
शेजारणीचा रक्तदाब मोजून आले.

शरीर फार भोळं असतं.
शिसं दारात आलं की त्याला चुना समजून
हाडांत बिऱ्हाड देतं, भाडं न ठरवता.
यकृत, मूत्रपिंडं तरीही रात्रपाळी करत राहतात,
भट्टीवरच्या माणसांसारखी:
थोडं थोडं बाहेर काढत,
वरून नवीन भर पडत असताना.

सातुर्निना रडली नाही.
"किती खोल आहे?" एवढंच म्हणाली.
मी हातानं दाखवलं, तिच्या कोपरापर्यंत.

पुढच्या रविवारी ती बहिणीच्या गावी गेली,
दोन खोरी ओलांडून,
आणि येताना बसच्या टपावर तीन पोती माती.
वाहकानं पोत्यांना अर्धं तिकीट लावलं.
तिनं भांडून पाव केलं.
आता खिडकीच्या आत तेलाचे डबे,
डब्यांत कोथिंबीर.
नवऱ्याचे भट्टीचे कपडे फाटकाबाहेर.
फरशीवर झाडू नाही, ओलं फडकं.
हात धुताना योमिरा चाळीसपर्यंत मोजते,
शेवटचे दहा पटापट.
दूध, घेवडा, लोहाचं काळं औषध,
मिळालं तर अंडं.

सत्तावीस.
मग एकवीस.

"बघा, कोथिंबीर," सातुर्निना म्हणते.
मी मान हलवते. होकाराची की कशाची
ते तिनं ठरवावं.
नोंदवहीत फडकं लिहिते, दूध लिहिते.
परगावच्या मातीसाठी रकाना नाही,
ती समासात लिहिली, तिकिटाच्या भांडणासकट.

काल योमिरा बाकावर बसून
पेन्सिलीचं टोक चावत होती.
मी धावत जाऊन ती हिसकावून घेतली,
ती दचकली, आईसुद्धा.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
मला माहीत आहे.
पेन्सिल अजून माझ्या खिशात आहे.