तारीख उलटली की

नियम सोपा आहे: तारीख उलटली की काढायचं.
सोमवारी पहाटे सहाला, कॉफीचं यंत्र तापायच्या आत,
मी विद्यार्थी भवनातल्या फलकासमोर उभी राहते.
हातात स्टेपल उचकटायचा चिमटा,
एप्रनच्या खिशात जॅमचा रिकामा डबा.
तेवीस वर्षं झाली. डबा मात्र दुसरा आहे.

बाहेर मेपल आपापली पानं उतरवतायत.
बागेतला ड्वेन ती फुंकून एका कडेला लावतो
आणि नदीवरचा वारा जिथल्या तिथे आणून ठेवतो.
विस्कॉन्सिनमध्ये असा वारा आहे
म्हणून माझा पगार चालू आहे, ड्वेन म्हणतो.

फलकावर सगळा ऑक्टोबर दाटीवाटीनं उभा:
भोपळे पोखरून, त्यांत बसून नदी ओलांडायची शर्यत,
पोहता येणं सक्तीचं.
फ्लूची लस, तळमजला, बाही वर सरकेल असा शर्ट घाला.
पा न्हिया वांग नावाची मुलगी
हमोंग नववर्षाचं पोस्टर स्वतः लावून गेली,
चारही कोपरे अंगठ्यानं दाबले,
मागे सरकून पाहिलं, परत येऊन एक कोपरा पुन्हा दाबला.
चेंडू झेलायचा खेळ असतो म्हणाली, चेंडू मावशीनं शिवलेत.
खगोल मंडळाची उल्का बघायची रात्र
ढगांपायी तीनदा पुढे गेलीय;
खाली कुणीतरी पेननं लिहिलंय, 'आभाळाला विचारा.'
हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की निम्मे वर्ग ओस पडतात,
त्याचं पोस्टर नसतं. ते ठाऊकच असतं.

आणि खाली, डाव्या हाताला, जर्मन विभाग.
पिवळा कागद, हातानं काढलेलं सफरचंद,
'वाचन आणि केक, गुरुवारी सात वाजता, कुणीही या.'
प्राध्यापक राइनहोल्ट क्लेम नऊ वर्षं हेच एक पोस्टर लावतात.
जुनी तारीख खोडायची, शेजारी नवी लिहायची.
मी काढते, घडी न घालता त्यांच्या टपालपेटीत ठेवते,
पुढच्या पानगळीला ते परत येतं.
यंदा जागाच उरली नव्हती,
तारीख समासात उभी लिहिलीय,
वाचायला मान वाकडी करावी लागते.
मे महिन्यात विभाग बंद होणार, ते पत्र
पेट्यांमधून मीच वाटलं होतं.
पाकिटं चिकटवलेली नव्हती.

तेवीस वर्षांत मी ह्यातलं काही पाहिलेलं नाही.
ना होड्या, ना उल्का.
मला कार्यक्रमाचं आधीचं कळतं आणि नंतरचं,
सांडलेलं, चिकटलेलं.
मधलं सगळं माझी पाळी सुटल्यावर घडतं.

त्या गुरुवारी मात्र घरी जाऊन बूट बदलले आणि परत आले.
खोलीत सहाजण. एक तर दार चुकून आलेला,
केक दिसला म्हणून बसून राहिला.
क्लेम वाचत होते. मला अक्षर कळत नव्हतं.
एका ओळीपाशी ते थांबले, चष्मा पुसला,
तीच ओळ पुन्हा वाचली,
जणू पहिली खोडली आणि शेजारी लिहिली.

निघताना म्हणाले,
"मार्लिस, पोस्टर नेहमीसारखं पेटीत टाकशील ना?"
आणि मग दोघांच्याही लक्षात आलं.
"टाकते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.
उरलेला केक त्यांनी मला कागदात बांधून दिला,
सुरीसकट. सुरी उद्या आणून दे म्हणाले.

आज सोमवार. घड्याळं काल तासभर मागे गेली,
खिडकी लवकर उजळायला लागलीय.
भोपळे काढले. लस काढली.
आभाळाला विचारायचं ते राहू दिलं.
पा न्हियाचं अजून तीन आठवडे आहे;
एक कोपरा सुटला होता, दाबला.
पिवळ्या कागदापाशी आले. मान वाकडी केली.
उलटलीय.
चार स्टेपल. डब्यात चारदा वाजले.
कागद पालथा केला, तर मागची बाजू कोरी,
इतक्या वर्षांत कुणी उलटून पाहिलंच नव्हतं.
बाहेर ड्वेनचं यंत्र सुरू झालं.
कोरी बाजू वर करून
मी तो पेटीत ठेवला, आणि त्यावर सुरी.