जर-तर

पहिले चार सामने हरलो.
चौथा तर बावीस गुणांनी.
परतताना कोथरूड डेपोपर्यंत
कुणी कुणाशी बोललं नाही.

मग दोन जिंकलो, कसेबसे.
आता ढमढेरे जर्नलच्या मागच्या पानावर
गणित मांडून बसलीये:
आपण उरलेले तिन्ही जिंकलो,
निगडीवाल्या लोणीकडून हरल्या,
आणि फरक अकराच्या वर गेला,
तर आठव्या नंबरानं बाद फेरीत.

बोत्रे सर म्हणतात, वही मिट.
पन्नास फ्री थ्रो.
चुकला की पहिल्यापासून.

सकाळी सहाला सिमेंट गार.
रिंगला जाळी नाही,
त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून
हे जिचं तिनं ठरवायचं.
नाझनीन म्हणते, गेला.
आम्ही सगळ्या म्हणतो, गेला.
सर जरा थांबतात,
मग मोजतात: एक.