आपली विश्वासू

चौतीस वर्षं मी डीआरएम कचेरीत
बदल्यांचे अर्ज आवक-जावकला चढवले.
भुसावळहून सुटू बघणाऱ्यांची कारणं
मला तोंडपाठ आहेत, यामिनी.
हवामान मानवत नाही. आईचा दमा.
पत्नीची नोकरी कल्याणला.
एकाने लिहिलं होतं, रात्रभर शंटिंग चालतं, झोप येत नाही.
तो तेवढा खरं बोलला.
त्याचा अर्ज नामंजूर झाला.

तू वहीतलं पान फाडून आणलंस,
स्कोअरच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलंस,
उडू नये म्हणून वर शिट्टी.
मे महिना, संध्याकाळचे सहा,
कोर्टाचं सिमेंट बुटातून चटका देणारं,
बोर्डाच्या चौकटीवर दीपनगरची राख.
"आबा, नीट करून द्या. मी पुण्याला जाऊ राहिली."

पहिली ओळ खोड.
'गुडघ्याच्या उपचारासाठी.'
तुझ्या गुडघ्याने काल अठ्ठावीस गुण घेतले,
मीच मांडले, शिसपेन्सिलीने.

दुसरी: 'संघात योग्य साथ मिळत नाही.'
खरं असेल. ललिता झोपे दर सामन्याला
दोन पास हातातून सोडते.
पण ती तिकीटखिडकी बंद करून
डबा न उघडताच इथे येते,
तुला वाट मोकळी व्हावी म्हणून मध्ये उभी राहते
आणि कोपर तिच्या बरगडीत बसतं.
एवढं सगळं अर्जात मावत नाही,
मग ती ओळही नको.

पेपरवाल्याला आधी कळू देऊ नकोस.
जळगावचा तो बातमीदार फार गोड बोलतो.
आधी अत्तरदे सरांना सांग.
सकाळी, मैदानात कोणी नसताना,
त्यांच्याकडे बघून, रिंगकडे नाही.
ते काही बोलणार नाहीत,
बॉलमध्ये हवा भरत बसतील.
बॉल कधीचा टणक झाला असेल, तरी भरत राहतील.
थांब तोवर.

आणि मंजुरी येईपर्यंत खेळ.
पाय ओढू नकोस.
एक होता आपल्यात, नाव नाही सांगत,
लवकर सोडावं म्हणून तीन महिने
मुद्दाम फ्री थ्रो चुकवायचा.
सोडलं त्याला.
तिकडे गेला आणि खरंच चुकायला लागले.
हाताला खरं-खोटं कुठलं कळतंय,
त्याला सवय कळते.

चार सामने राहिलेत.
त्यातला एक पुण्याशीच, आणि तो आपल्याच कोर्टावर.
मालधक्क्यावरची पोरं पायरीवर उभी राहून
तुला काय काय म्हणतील
ते मी स्कोअरबुकात लिहिणार नाही.
ऐकून घे.
इथे गाडी येते, दहा मिनिटं थांबते,
पाणी भरते, निघते;
जंक्शनच्या पोरांना हे पाळण्यापासून ठाऊक.
तरी एखादी थांबेल, असं वाटतंच ना माणसाला.

"मग कारण काय लिहू?"
मी गप्प. तूही.
यार्डात डबे एकमेकांवर आदळले.
मग तू बुटाची नाडी सोडत म्हणालीस,
"इथे मला कोणी हरवत नाही, आबा."

व माय!
चौतीस वर्षांत हे कारण
माझ्या टेबलावर आलं नव्हतं.
कुठल्या रकान्यात बसतं, माहीत नाही.
तसंच लिही. एक शब्द वाढवू नकोस.

शेवटी नेहमीचं आलं,
'आपली विश्वासू,'
आणि तुझं पेन तिथे अडलं.
"हे कसं लिहू? जाऊ राहिली ना मी."

हजारो अर्ज गेले या बोटांखालून.
प्रत्येक जाणाऱ्याने खाली हेच लिहिलं,
ना त्याने वाचलं, ना साहेबाने, ना मी.
तू वाचलंस.
म्हणून लिही.
सही मात्र साधी कर,
पोरींच्या वहीत करतेस तशी लफ्फेदार नको.

दिवे लागले बघ.
ललिता येतेय फाटकातून,
बूट हातात, केसांत अजून खिडकीवरची पेन्सिल.
सरांना आधी सांग म्हणालो ना, ते चुकलं माझं.
तिला सांग आधी.
जा.
मी तोवर कार्बन शोधतो.