कुसळ, वीसपट

वागळे इस्टेटमध्ये, सोळा नंबर रस्त्याच्या टोकाला
आमची शेड. बाहेर पाटी नाही,
आत दिवसाला अकरा हजार बोल्ट.

हिराजी भोईर आटे पाडतो.
पाडतो म्हणजे कापत नाही,
दोन डायांच्या मधे सळई लोळते
आणि लोखंड आपणच बाजूला सरून
आपणच उंच होतं.
"कापला त कच्चा," तो म्हणतो, "दाबला त पक्का."

मी तपासते.
माझ्या गेजला दोन तोंडं:
एक शेवटपर्यंत जायलाच हवं,
दुसरं दीड फेऱ्यात अडायलाच हवं.
एकोणीस वर्षं हेच. जाणं आणि अडणं.
घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतानाही
मनगट आपलं मोजत असतं.

रविवारी ऋजुताला घेऊन येऊरला गेले.
पाटोणपाड्याच्या पुढे वाळलेलं गवत, कमरेएवढं.
परतताना तिच्या बुटाच्या पट्टीत आघाडा
(वेल्क्रोला वेल्क्रो भेटल्यासारखा)
आणि माझ्या पायमोज्यांत कुसळं.
डोळ्यातलं कुसळ चार लोकांना दिसतं,
मोज्यातलं ज्याचं त्यालाच कळतं, तेही चालताना.

मोजे भिजत घातले. तीच चूक.
सकाळी बघते तर ती आणखी आत,
पाणी पिऊन पीळ सोडत सोडत
रात्रभर एकेक फेरा.

एक चिमट्याने उपसलं, कॅलेंडरच्या कागदात बांधलं,
सोमवारी प्रोजेक्टरखाली धरलं.
त्या काचेवर आम्ही बोल्टच्या सावल्या बघतो,
साठ अंशांचे डोंगर, एका मापाचे, ओळीने.
तिथं आज एक पिळलेला दोर उभा राहिला,
टोकाला सुई,
सुईमागे उलटे झुकलेले केस,
सगळ्यांचं एकच मत: पुढे.

चौघेजण जमले. प्रेस चालूच होती.
गफूरने विचारलं, "पिच काय आहे?"
मी बोट ओलं करून पिळाला लावलं.

सावली वळली.
हळूहळू, आपली आपण.
पाना नाही, हात नाही.

हिराजी चष्मा कपाळावर चढवून
काचेच्या अगदी जवळ आला.
"न् यो खोलाचा कसा?"

खोलायचा नसतो, म्हटलं. एकदा मातीत शिरला
की तिथंच रुजायचं.

"मंग यो बोल्ट नाय.
बोल्ट म्हंजे परत खोलाला येतो त्यो."

मग खिशातून चुन्याची जुनी डबी काढली.
उघडली तर चुना नव्हता. पाच स्क्रू,
बारीक, लखलखीत, जरा लांबोडके.
कोळशेतला टेम्पो, मांडीचं हाड, सिव्हिल हॉस्पिटल,
हे आम्हाला माहीत होतं.
डबी माहीत नव्हती.

मी सवयीने एक गेजला लावला.
जाईना. दुसरा जाईना.
आट्याचा एक उतार लांब, दुसरा जवळपास उभा;
आमच्या तक्त्यात ही जात नाही.
हा हाडासाठी केलेला आटा,
याचं लोखंडाशी जमणार कसं.

पाचच?

"सव्वा सुटलाच नाय. हार चढला त्याच्यावर.
डाक्टर बोलला, ऱ्हाव दे, तुझाच झाला त्यो आता."

एवढं बोलून तो मशीनकडे गेला.
पाय ओढतो का, ते मी आज पहिल्यांदा बघितलं.
ओढत नाही. फक्त डावीकडे वळताना
थोडा थांबतो.

रजिस्टरमध्ये तारीख घातली.
नमुना: एक. गो: जाते.
नो-गो: जाते.
नियमाने हे लाल ट्रेमध्ये.
शेरा लिहायच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि बराच वेळ टेकवूनच ठेवलं,
शाईचा एक ठिपका झाला.

पाच वाजता हिराजीने कागद मागून घेतला.
नातवाला दाखवतो म्हणाला.
पुडी न सोडताच डबीत ठेवली,
पाचांच्या शेजारी जागा होतीच.