बारा व्होल्ट

होडीवरच्या दिव्याला लागतात तेवढेच.
हे मला खोक्यावरचा कागद वाचून कळलं,
सुमय्या तोवर इंजिन गालाला लावून बसली होती.

हनीफभाईने कुवेतहून पाठवलेला खोका:
रूळ, चार डबे, निळं इंजिन
आणि एक ट्रान्सफॉर्मर, तो मात्र जळका.
म्हटलं, असू दे.
बंदीचे दिवस आहेत, ट्रॉलर वर ओढलेत,
झापांखाली झोपलेत,
कुणाचा डायनामो बिघडत नाही की कुणाचा वायरलेस.
दोरकुळकरांच्या होडीची बॅटरी माझ्याच पडवीत पडून आहे.

हर्णैला रेल्वे नाही.
सुमय्याने गाडी पाहिली ती खेडला, एकदाच,
बापाला सोडायला गेलो तेव्हा.
तीही निघून जाणारी.

बर्फाच्या पेटीचं झाकण उलटं टाकलं.
सुरमईचा वास जात नाही, राहू दे.
एका रुळाला लाल तार, दुसऱ्याला काळी,
मधे भुवड सरांनी शाळेतून दिलेला रिओस्टॅट
आणि सगळ्यांच्या आधी फ्यूज, दोन अँपियरचा.
फ्यूजशिवाय मी डोलकाठीवरचा दिवासुद्धा लावत नाही.

गाडी निघाली.
पलीकडच्या वळणावर रेंगाळली.
"दमली," सुमय्या म्हणाली.
दमली नव्हती. तिथवर काही पोचतच नव्हतं:
मीटर लावला, इथे बारा, तिथे साडेआठ.
आपली ही हवा,
एका रात्रीत सांध्यांवर हिरवं चढवते.

मग झाकणाखालून जाड तार फिरवली,
ट्रॉलरवरचीच, कथील चढवलेली,
तिच्यातून हातभर अंतरावर बारीक फाटे वर काढले,
सांध्यासांध्याला डाख दिला.
राळेचा धूर घरभर.
"कुणी लोबान लावला?" भाभीने आतून विचारलं.
रूळ पुसायचं काम सुमय्याचं,
दप्तरातल्या खोडरबरने. त्याला द्राक्षाचा वास होता,
काम संपेपर्यंत खोडरबर संपला.

"आता परत आण."
रिव्हर्समधे नको म्हणे.
तोंड इकडे करून, येतात तशी.

म्हणून टोकाला रुळाचा एक फास घातला,
ज्या वाटेने गेली तिलाच गाडी वळून लागेल असा.
फ्यूज उडाला.
दुसरा घातला, तोही.
रात्री वहीत दोन रेघा काढून बोट फिरवत बसलो:
डावा रूळ वळून येतो
आणि उजव्याला मिळतो.
लाल थेट काळ्यावर.
तीस वर्षं होड्यांना तारा घालतोय,
होडी असलं काही करत नाही,
होडी आपली वळते.

चार काप घ्यावे लागले.
हॅकसॉचं पातं रुळावर टेकलं तशी सुमय्या ओरडली,
मग रुसून पायरीवर जाऊन बसली.
फटीत भरायला काही तरी हवं, वीज न जाणारं.
ड्रॉवरमधे हनीफभाईचं जुनं सिमकार्ड सापडलं
(तो नंबर भाभीला अजून पाठ आहे).
कडेकडेने त्याच्या चार नखाएवढ्या चिपा कापल्या.
बसल्या घट्ट.

आता एवढंच:
गाडी फासात आहे तोवर
बाहेरच्या रुळाची वीज उलटवायची.
लवकर झालं तर गाडी मागे पळते,
उशीर झाला तर फ्यूज.
स्विचपाशी कुणी तरी बसलंच पाहिजे.

भाभी बसली. मांडीवर सुपात सोडे,
एका हाताने निवडत.
तेवढ्यात गावाची लाईट गेली,
बॅटरीला त्याचं काय.
काळोखात इंजिनाचा तांदळाएवढा दिवा
झाकणाच्या कडेकडेने सरकत गेला.
"आता?"
"थांब."
"आता?"
खट्.

आली. तोंड इकडे करून.
सुमय्याने तिच्या टोकाला बिस्किटाचा पुडा उभा केला होता,
त्यावर खडूने स्टेशनाचं नाव,
अंधारात वाचता आलं नाही.
गाडीतून कोण उतरलं ते तिने सांगितलं नाही.

"पुन्हा," भाभी म्हणाली. सुमय्या नव्हे, भाभी.

पुन्हा सोडली.
या खेपेला ती स्विचवर हात ठेवून
दिव्याकडेच बघत राहिली.
फ्यूज गेला.
ड्रॉवरमधे अजून तीन आहेत.